शेवटच्या स्थानकापर्यंत

आगगाडीचे वेळापत्रक वाचणारा मनुष्य बहुधा आपले गाव शोधतो, गाडीची वेळ टिपून घेतो आणि पुस्तक मिटतो. त्या यादीच्या अगदी तळाशी जे नाव छापलेले असते, त्या गावी कोण राहते, गाडी रिकामी झाल्यावर तेथे काय घडते, याची चौकशी करण्याचे त्याला काही कारण पडत नाही. आम्हां जोयडा तालुक्यातील लोकांना मात्र ते कारण जन्मतःच लाभलेले आहे. आमच्या तालुक्यातील कॅसल रॉक हे स्थानक जवळजवळ पाऊण शतक हिंदुस्थानच्या रुळांचे शेवटचे स्थानक होते. त्याच्या पुढे घाट, घाटात बोगदे आणि बोगद्यांपलीकडे पोर्तुगिजांचे राज्य. म्हणून शेवटचे स्थानक म्हणजे काय, हे आम्हांस कोणी शिकवावे लागत नाही, अशी माझी आजवरची समजूत होती. ती किती अपुरी होती, हे मला मुंबईच्या भुयारी आगगाडीने दाखविले. त्या प्रवासाची हकीकत वाचकांपुढे ठेवीत आहे.

कॅसल रॉकला माझी थोरली बहीण राहते. आम्ही सारे तिला अक्का म्हणतो. तिचे यजमान रुळांची देखभाल करणाऱ्या टोळीत कामाला होते. त्यांना देवाघरी जाऊन आता सहा वर्षे झाली. एकुलता एक मुलगा मुंबईस एका कचेरीत हिशेबनीस आहे. गेल्या पावसाळ्यात अक्का परसातल्या शेवाळावर घसरून पडली आणि तीन आठवडे अंथरुणास खिळली. तेव्हापासून मुलाने एकच धोशा लावला, “आई, आता पुरे झाले. घराला कुलूप लाव आणि इकडे ये.” अक्का होय म्हणेना आणि नाहीही म्हणेना.

शेवटी २०२५ च्या नोव्हेंबरात तिने मला बोलावून घेतले. चहाचा पेला माझ्यापुढे सारीत ती म्हणाली, “तो म्हणतो, मी रुळाच्या एका टोकाला राहतो आणि दुसऱ्या टोकाला कामाला जातो, मधली सगळी वाट जमिनीखाली आहे. मला त्यातले काही कळत नाही. तू एकदा जाऊन ये. दोन्ही टोके आपल्या डोळ्यांनी बघ. मग मला सांग, मी जावे की राहावे.”

एवढी मोठी गोष्ट आपल्या सांगण्यावर ठरावी, याचे मला भय वाटले. तथापि थोरल्या बहिणीचा शब्द मोडवेना. लोंढ्याला गाडी बदलून, बेळगाव, मिरज आणि पुणे मागे टाकीत मी दुसऱ्या दिवशी दादरला उतरलो. भाचा फलाटावर उभाच होता. पाया पडून माझी पिशवी त्याने हातातून काढून घेतली आणि म्हणाला, “मामा, आज विश्रांती घ्या. उद्या मला सुटी आहे. आईने सांगितले तसे दोन्ही टोकांना जाऊ.”

ज्या मार्गावरून आम्ही जाणार होतो, त्याची थोडी माहिती प्रथम सांगितली पाहिजे. मुंबईच्या मेट्रोचा हा तिसरा मार्ग उत्तरेस आरे येथून निघून दक्षिणेस कफ परेडपर्यंत जातो. लांबी सुमारे साडेतेहतीस किलोमीटर, स्थानके २७. त्यांपैकी २६ स्थानके जमिनीखाली आहेत. एकटे आरेचे तेवढे उघड्या आकाशाखाली. बोगदे खणण्यासाठी १७ प्रचंड यंत्रे जमिनीत उतरविण्यात आली होती. असे यंत्र पुढे खडक कोरीत जाते आणि मागे सिमेंटच्या तयार तुकड्यांची कडी बसवीत येते. त्यामुळे खणणे आणि बांधणे एकाच वेळी होते. गिरगाव आणि काळबादेवी यांसारख्या दाट वस्तीत मात्र वरची जुनी घरे सांभाळीत स्थानकांसाठी जमीन हळूहळू पोखरावी लागली. धारावी आणि वांद्रे-कुर्ला संकुल यांच्या मध्ये हा मार्ग मिठी नदीच्या तळाखालून जातो. आमच्या घाटातील बोगदे माणसांनी पहार आणि सुरुंग यांच्या बळावर फोडले. त्यांच्याशी याची तुलना करताना मन चकित होते.

भाच्याची खोली आरे स्थानकापासून रिक्षाच्या अंतरावर आहे. सकाळी आम्ही तेथे पोहोचलो तेव्हा मला क्षणभर वाटले की आपण मुंबईत नाहीच. रस्त्यावर मोटारींची रीघ होती हे खरे. पण पलीकडे झाडी होती आणि झाडीत पाखरे बोलत होती. आरे येथे १९४९ मध्ये सरकारने गोठ्यांची वसाहत स्थापन केली. शहरातील म्हशी एका ठिकाणी आणून मुंबईकरांस स्वच्छ दूध पुरवावे, हा तिचा हेतू होता. त्या रानात वारली आदिवासींचे पाडे आहेत. शेजारी राष्ट्रीय उद्यान आहे आणि त्यातील बिबटे रात्री वस्तीपर्यंत येतात. या मार्गाच्या गाड्या उभ्या करण्याची आणि दुरुस्त करण्याची जागा याच रानात केलेली आहे. तिच्यासाठी ऑक्टोबर २०१९ मध्ये दोन हजारांहून अधिक झाडे तोडली गेली. शहरात तेव्हा मोठा क्षोभ झाला होता आणि रात्री झाडांपाशी उभ्या राहिलेल्या कित्येक तरुणांना अटकही झाली होती.

हे सर्व भाचा सांगत असताना मला आमचे रान आठवत होते. शेवटच्या स्थानकाला जागा लागते. गाड्या वळवायला, उभ्या करायला, धुवायला जागा हवी. आणि शहराच्या मध्यभागी जागा नसते. म्हणून रूळ जेथे संपतात, तेथे बहुधा कोणाचे तरी रान, कोणाचे तरी शेत किंवा कोणाचा तरी समुद्र असतो. ही गोष्ट नकाशावर दिसत नाही. टोकाला जाऊनच ती कळते.

तिकीट ७० रुपयांचे होते. भाचा म्हणाला, “आपण पहिल्या डब्यात बसू. गाडी येथूनच सुटते, म्हणून बसायला जागा मिळते. टोकाला राहण्याचा हा एवढाच फायदा.” फलाट आणि रूळ यांच्यामध्ये काचेची भिंत आहे. गाडी येऊन नेमकी थांबली की भिंतीची दारे आणि गाडीची दारे एकदम उघडतात. आठ डब्यांची ती गाडी थोड्याच वेळात जमिनीत शिरली आणि त्यानंतर दिवस की रात्र, हे काही कळेनासे झाले.

मरोळ, विमानतळ, सांताक्रूझ, धारावी, दादर, वरळी अशी नावे एकामागून एक उच्चारली जात होती. माणसे चढत होती, उतरत होती. कोणी कोणाशी बोलत नव्हते. आमच्या घाटात गाडी बोगद्यात शिरली की लहान मुले ओरडतात आणि बोगदा संपला की दरीकडची खिडकी धरण्यासाठी धडपडतात. येथे एकही मूल ओरडले नाही. कारण हा बोगदा संपतच नाही. भाच्याकडे पाहिले तर तो डोळे मिटून बसला होता. सुटीच्या दिवशीही त्या आसनावर बसताच त्याचे डोळे आपोआप मिटतात, असे मला दिसले. रोज जाताना तासाभराहून थोडा कमी आणि येताना तेवढाच वेळ तो असा जमिनीखाली असतो.

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस स्थानकाला त्याने मला मुद्दाम वर नेले. तेथून जवळच धोबी तलाव. या भागात गोव्याच्या गावोगावचे ‘कूड’ आहेत, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. कूड म्हणजे एका गावच्या ख्रिस्ती माणसांनी मुंबईत भाड्याने घेतलेली समाईक खोली. भिंतीशी ओळीने मांडलेल्या लोखंडी पेट्या, एका कोपऱ्यात वेदी, सायंकाळी सर्वांची मिळून रोजरीची प्रार्थना. जहाजावरचे खलाशी, आचारी, वाजंत्री, शिंपी असे हजारो तरुण या खोल्यांत राहून कुटुंबे पोशीत असत. त्यांतील कित्येकजण आमच्या कॅसल रॉकवरूनच आले होते. आमच्या फलाटावर जकातवाल्यांनी उघडून पाहिलेल्या पेट्या शेवटी येथे येऊन विसावल्या, हे ध्यानात आल्यावर दोन स्थानकांमधले शेकडो मैलांचे अंतर मला एकाएकी थोडे वाटू लागले.

पुन्हा खाली उतरून आम्ही कफ परेड गाठले. मुंबईच्या नगरसुधारणा मंडळाचे एक इंग्रज अधिकारी कफ यांचे नाव या भागाला मिळालेले आहे. गाडी रिकामी झाली. सरकत्या जिन्यांनी आम्ही वर आलो तो वाऱ्याला समुद्राचा वास होता. एका बाजूला उंच कचेऱ्या, दुसऱ्या बाजूला मच्छीमारांची वसाहत, वाळत घातलेली मासळी आणि किनाऱ्याला लागलेल्या होड्या. समुद्र बुजवून केलेली ही जमीन. तिच्यापुढे रूळ नेण्यासारखे फारसे काही उरत नाही. भाच्याने बोट करून आपली कचेरी दाखविली. “तो सातवा मजला. खिडकीतून समुद्र दिसतो; पण माझी पाठ खिडकीकडे असते,” असे म्हणून तो हसला.

आम्ही किनाऱ्याच्या कठड्यावर बसलो. मी त्याला विचारले, “ही गाडी आता परत कशी फिरते?” तो म्हणाला, “फिरत नाही, मामा. गाडीच्या दोन्ही टोकांना चालकाची खोली असते. येताना जो डबा पहिला होता, तो जाताना शेवटचा होतो. एवढेच.” ही साधी गोष्ट माझ्या मनात घर करून राहिली.

मग तो म्हणाला, “आणि गंमत अशी की, हे टोकदेखील एका जागी राहिले नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये गाडी सुरू झाली तेव्हा वांद्रे-कुर्ला संकुल हे शेवटचे स्थानक होते. तेथून मी बसने कामावर जात असे. मे २०२५ मध्ये शेवट वरळीजवळ आचार्य अत्रे चौकात आला. ऑक्टोबर २०२५ मध्ये इथपर्यंत पोहोचला. एका वर्षात तीन शेवट झाले.”

जगातील पहिल्या भुयारी आगगाडीची गोष्टही अशीच आहे. १० जानेवारी १८६३ रोजी लंडनमध्ये पॅडिंग्टन ते फॅरिंग्डन अशी ती धावू लागली. जेमतेम सहा किलोमीटरचा मार्ग, आणि इंजिने वाफेची. पुढे त्याच कंपनीचे रूळ शहराबाहेर शेतांतून दूरवर गेले आणि लंडनच्या भुयारी गाडीचे एक टोक ब्रिल नावाच्या खेड्याशी जाऊन टेकले. त्या खेड्यापर्यंतचा फाटा एका जमीनदाराने १८७१ च्या सुमारास आपल्या शेतमालासाठी बांधलेला होता. लंडनच्या नकाशावर आपल्या खेड्याचे नाव पाहून तेथील लोकांना किती अभिमान वाटला असेल! परंतु १९३५ च्या नोव्हेंबरअखेर तो फाटा बंद झाला. पुढच्या वर्षी पलीकडचे व्हर्नी जंक्शन हे टोकही प्रवाशांना मुकले. कलकत्त्यास १९८४ मध्ये भारतातील पहिली भुयारी गाडी सुरू झाली. तेथील मार्गाचे दक्षिण टोक अनेक वर्षे टॉलीगंज हे होते. २००९ मध्ये रूळ पुढे गेले आणि टॉलीगंज हे वाटेवरचे एक स्थानक झाले. शेवटच्या स्थानकापुढे अशी दोनच भवितव्ये असतात. एक तर रूळ पुढे जातात आणि ते मधले होते. नाही तर गाडी येईनाशी होते आणि ते खरोखरच शेवटचे ठरते.

परतीच्या गाडीत मी रात्रभर आमच्या कॅसल रॉकचा विचार करीत होतो. त्याच्या वाट्याला यांपैकी काय आले?

मुरगाव बंदरापासून घाटमाथ्यापर्यंत रूळ नेण्याची कल्पना इंग्रज आणि पोर्तुगीज सरकारांमधील १८७८ च्या तहातून पुढे आली. त्यासाठी जी कंपनी निघाली तिचे नाव वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज गॅरंटीड रेल्वे. भांडवलावरील व्याजाची हमी पोर्तुगीज सरकारने घेतलेली असल्यामुळे ‘गॅरंटीड’ हा शब्द तिच्या नावातच आला. सुमारे ५१ मैलांचा तिचा मार्ग १८८८ मध्ये कॅसल रॉकपर्यंत पूर्ण झाला. इकडून सदर्न मराठा रेल्वेचे रूळ येऊन त्याला मिळाले. कुळ्यापासून कॅसल रॉकपर्यंतचा सुमारे २६ किलोमीटरचा घाट पोर्तुगालच्या राजघराण्यावरून ब्रागांझा घाट म्हणून ओळखला गेला. त्याचा चढ सदतीस फुटांस एक फूट इतका आहे. मालगाडी चढविताना तिला मागून ढकलणारी इंजिने लागतात. आणि उतरणाऱ्या गाडीचे ब्रेक कॅसल रॉकला नीट तपासल्यावाचून तिला खाली सोडीत नाहीत.

गोव्यास जाणारा प्रत्येक प्रवासी त्या काळी आमच्या फलाटावर उतरे. इकडच्या सरकारचे जकात अधिकारी पेट्या उघडीत, कागद पाहत. घाट उतरल्यावर कुळ्याला पोर्तुगीज अधिकारी तेच पुन्हा करीत. अक्काचे सासरे फलाटावर हमाल होते. पेटी उतरविण्याचे पैसे आणि पुन्हा चढविण्याचे पैसे, अशी त्यांना एकाच पेटीची दुहेरी मजुरी मिळे, असे ते सांगत. सीमा ही त्यांची शेतीच होती म्हणा ना! जकातीची कचेरी, शिपाई, इंजिनवाले, खाणावळी, दुकाने यांनी रानातले ते गाव गजबजून गेले होते.

१९५५ मध्ये ही गजबज एकाएकी थांबली. त्या वर्षीच्या १५ ऑगस्टला हजारो निःशस्त्र सत्याग्रही निरनिराळ्या वाटांनी गोव्यात शिरले. कॅसल रॉकची वाटही त्यांत होती. पोर्तुगीज सैनिकांनी गोळ्या झाडल्या आणि अनेकांचे प्राण गेले. त्यानंतर भारत सरकारने सीमा बंद केली आणि घाटातून जाणारी गाडी थांबली. आमच्या घरातील वडीलधारी माणसे सांगत की, त्या दिवसांत घाटाकडून शिटी ऐकू येत नसे आणि त्या शांततेने झोप लागत नसे. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि कॅसल रॉकची सीमा पुसली गेली. सर्वांना आनंद झाला, व्हावा असाच तो प्रसंग होता. तथापि अक्काचे सासरे म्हणत, “सीमा गेली हे चांगलेच झाले, पण माझी दुसरी मजुरीही तिच्याबरोबर गेली.” जकातीची कचेरी उठली. माणसे बदलून गेली. १९९० च्या दशकात अरुंद रूळ काढून रुंद रूळ टाकले गेले. गाड्या मोठ्या झाल्या, तरी उतरणारी माणसे वाढली नाहीत. कॅसल रॉक हे वाटेवरचे स्थानक झाले. दूधसागर पाहण्यासाठी खिडकीशी जागा धरून बसलेल्या प्रवाशांना ते आता केवळ धबधब्याची चाहूल देते. कुळ्यापर्यंत दुसरा रूळ टाकण्याची योजना निघाली. गोव्याच्या बाजूला तिला मोठा विरोध झाला आणि तिला मिळालेली वन्यजीव मंडळाची मंजुरी मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. आरेप्रमाणे येथेही रुळांचा आणि रानाचा वाद आहे.

दुसरे भवितव्य पाहायला आम्हांस लंडनपर्यंत जावे लागत नाही. आमच्या शेजारी, दांडेलीजवळ, आंबेवाडी स्थानक आहे. अळणावरहून निघालेला फाटा तेथे संपतो. रानातले लाकूड वाहून नेणे हे त्याचे जुने काम. पुढे कागद कारखान्याचा माल आला. प्रवाशांची गाडी मात्र फार वर्षांपूर्वी बंद पडली. नोव्हेंबर २०१९ मध्ये ती पुन्हा सुरू झाली तेव्हा लोकांनी तिला फुलांचे हार घातले. चारच महिन्यांनी, मार्च २०२० मध्ये, करोनाच्या साथीने देशातील साऱ्याच प्रवासी गाड्या थांबल्या आणि तीही थांबली. त्यानंतर काही दिवसांनी मी कामानिमित्त तेथे गेलो होतो. रूळ होते, फलाट होता, नावाची पाटी होती. बाकावर एक कुत्रे निजलेले होते. रूळ असले म्हणजे स्थानक असतेच असे नाही, हे मी त्या बाकाकडे पाहून शिकलो.

अशा विचारांत मी कॅसल रॉकला उतरलो. सायंकाळ होत आली होती आणि घाटातून धुके वर चढत होते. अक्का ओट्यावर बसली होती. पाय धुऊन मी आत येतो न येतो तोच तिने विचारले, “पाहिलीस टोके?”

मी तिला सारे सांगितले. काहीही झाकले नाही आणि काहीही रंगविले नाही. खोली लहान आहे, परंतु स्वच्छ आहे. डॉक्टर जवळ आहे. चर्च चालत जाण्याजोगे नाही. पण रविवारी मुलगा रिक्षाने नेईल. शेजारी चांगले वाटले. मात्र दिवसा सारी दारे बंद असतात. मुलगा पहाटे निघतो आणि दिवे लागल्यावर येतो. तो थकतो. एकट्याने जेवतो. घरी बोलायला कोणी नाही म्हणून गाडीत डोळे मिटतो.

अक्का बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “मला वाटत होते, शेवटच्या स्थानकावर मीच एकटी राहिले आहे.”

हे ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी आले. आईला मुलाची काळजी वाटत होती आणि मुलाला आईची. परंतु दोघेही एकाच रुळाच्या दोन टोकांवर बसली आहेत, हे दोघांनाही दिसले नव्हते. प्रत्येकाला वाटे, आपण शेवटी आहो आणि दुसरा कोठेतरी मध्यावर, माणसांच्या गजबजाटात आहे.

मी म्हणालो, “अक्का, जा की राहा, हे मी सांगू शकत नाही. पण तेथे एक गोष्ट मी पाहिली. शेवटच्या स्थानकावर गाडी वळवीत नाहीत. जो डबा येताना पुढे असतो तोच जाताना मागे असतो, आणि गाडी त्याच रुळावरून परत निघते. गाडी येत असते तोवर ते टोक सुरुवातही असते. ती येईनाशी झाली म्हणजे मात्र त्याचे आंबेवाडी होते.”

अक्काने ते ऐकून घेतले, पण लगेच काही उत्तर दिले नाही. ती उठून चुलीपाशी गेली, तांदूळ धुतले, आधण ठेवले. जेवताना तिने आपला निर्णय सांगितला. पावसाळ्याचे चार महिने, जेव्हा येथे धुके आणि शेवाळ यांखेरीज काही नसते, तेव्हा ती मुंबईस मुलापाशी राहील आणि त्याला वेळेवर गरम जेवण घालील. पाऊस सरला की परत येईल. घराला कुलूप लागणार नाही. किल्ली माझ्याजवळ राहील आणि मी आठवड्यातून एकदा येऊन दारे-खिडक्या उघडीन. “आणि तो,” ती म्हणाली, “नाताळला आणि गावच्या सणाला इथे आलाच पाहिजे. मी तिकडे चार महिने गेले, तर त्याने इकडे दोनदा यायचे. एकेरी गाडी मला चालणार नाही.”

मी तोच निरोप फोनवरून भाच्याला कळविला. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, “मामा, नाताळचे तिकीट मी आजच काढतो.”

त्या नाताळला तो आला. मी त्याला उतरवून घ्यायला फलाटावर गेलो होतो. गाडीतून तो आणि आणखी दोन माणसे, एवढेच प्रवासी उतरले. त्याच्या हातात एक पेटी होती. ती उघडून पाहणारा जकातवाला आता तेथे नव्हता आणि ती उचलायला हमालही नव्हता. आम्हा दोघांनीच ती दोन बाजूंनी धरली आणि घराकडे निघालो. मागे गाडीचे ब्रेक तपासून झाले, शिटी वाजली आणि ती घाटात उतरू लागली.

वाचकहो, आपल्या खेड्यांतील पुष्कळ घरे आज अशीच रुळाच्या टोकाला उभी आहेत. मुले शहरात, आईबाप गावात. कोणी कोणाकडे कायमचे जावे, यावर पत्रांतून आणि फोनवरून वाद चालतात. तो प्रश्न ज्याने त्याने आपल्या घरी सोडवावा. मी त्यात काही सांगू इच्छीत नाही. मात्र दोन्ही टोके एकदा स्वतः जाऊन पाहावीत, एवढी विनंती आहे. आणि आपल्या घरची गाडी एकेरी होऊ देऊ नये. रूळ सरकारला घालता येतात. त्यांवरून येणारे माणूस मात्र आपल्यालाच व्हावे लागते.